पात्र, अपात्र

येशूच्या बारा शिष्यांपैकी मत्तय हा वसुली खात्यातला माणूस होता. कफर्णहूमच्या जकातनाक्यावर बसून राज्यकर्त्यांसाठी पैसा गोळा करायचा. यरीहोचा जक्कय त्याहून मोठा, जकातदारांचा मुख्य. गावात दोघांचीही पत एकच: गरज पडली तर गाठायचं, एरवी सावलीलाही उभं राहायचं नाही. येशूने एकाला नाक्यावरून उठवून सोबत घेतलं आणि दुसऱ्याच्या घरी स्वतःहून मुक्कामाला गेला. मी आयुष्यभर तलाठी होतो, आमच्या वऱ्हाडी बोलीत पटवारी. त्यामुळे शुभवर्तमानातली ही दोन माणसं मला फार जवळची. ख्रिस्तासारखं जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्नही मला चर्चच्या बाकावर बसून जितका पडला, त्याहून जास्त दप्तर काखेत घेऊन गावोगाव फिरताना पडला.

माझं घर तेल्हाऱ्याला. उत्तरेला सातपुडा दिसतो. डोंगराच्या पायथ्याची गावं सुखी, पाणी गोड, वान धरणाचा आधार, केळी आणि संत्र्याच्या बागा. तिथून दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो. विहीर खणली तर पाणी खारट, पिण्याच्या कामाचं नाही आणि ओलिताच्याही नाही. वरून पडेल तेवढ्यावर कपाशी, तूर, हरभरा. पाऊस हुकला की वर्ष हुकलं. २०१७ साली पाऊस बरा होता तर गुलाबी बोंडअळी आली आणि बोंडं आतून किडली. अशा पट्ट्यातल्या गावांत मी नोकरी केली आणि शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या घरी जाऊन अहवाल लिहायचं काम मला करावं लागलं.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे अशा कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. शेती मयताच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर आहे का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं, पतसंस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का? ते थकलं होतं का? वसुलीचा तगादा होता का? चारही प्रश्नांना कागद लागतो. दुसऱ्याचं वावर ठोक्याने किंवा बटईने करणाऱ्याकडे कागद नसतो. बिनपरवाना सावकाराकडून घेतलेल्या पैशाचा तर कधीच नसतो.

एका घरची गोष्ट सांगतो. गाव किंवा माणसं ओळखू येतील असं काही लिहीत नाही. ओसरीत सतरंजी टाकलेली. कोतवाल माझ्या शेजारी. आतल्या खोलीत दोन-अडीच क्विंटल कापूस भरलेला, भाव वाढेल म्हणून ठेवलेला. ती बाई भिंतीला टेकून बसली होती. तिने एक कॅरीबॅग पुढे सरकवली. आत पासबुक, सातबारा, बियाण्याच्या दुकानाची बिलं आणि सोसायटीचे कागद. मी एकेक वाचत गेलो. सोसायटीचं कर्ज आदल्या वर्षी नवं-जुनं केलेलं, म्हणजे जुन्या कर्जाची परतफेड दाखवून त्याच दिवशी नवीन उचललेलं. कागदावर थकबाकी शून्य. खरं देणं गावातल्याच एका माणसाचं, दरमहा शेकडा पाचने, आणि त्याचा कागदच नव्हता. मी विचारत गेलो. किती घेतले होते? कधी? दारू प्यायचे का? काही दुखणं होतं का? अर्जाचे रकाने भरायचे तर हे विचारावंच लागतं. ती एका शब्दात उत्तरं देत होती आणि तिची दोन लेकरं दाराच्या चौकटीत उभी राहून माझ्या पेनाकडे पाहत होती.

तेवढ्यात शेजारची बुढी टोपली घेऊन आली. भाकरी आणि बेसन. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “पयले लेकराइले जेऊ द्या भाऊ. मंग लिवा तुमाले काय लिवाचं ते.” तिने लेकरांना माझ्या आणि त्या बाईच्या मधे बसवलं, ताटल्या मांडल्या, पाणी आणलं. मी पेन खिशाला लावलं. लेकरं जेवली. मग तिने त्या बाईच्या हातात अर्धी भाकर दिली आणि तिने ती खाईपर्यंत तिथेच उकिडवी बसून राहिली.

या दोन घरांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण होतं. मोजणीचे कागद माझ्याच दप्तरात असल्याने मला ते माहीत होतं. तासभर रुंद धुरा, म्हणजे कपाशीची एक ओळ जेमतेम मावेल एवढी जागा, आणि त्यासाठी दोन्ही घरं तहसीलच्या पायऱ्या झिजवत होती. एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद. जातही वेगळी. ती बुढी त्या दिवशी भाकरी देऊन निघून गेली नाही. पुढे कितीतरी रात्री ती त्या घरात झोपायला जात होती आणि निंदणाचे दिवस आले तेव्हा त्या बाईला तिने आपल्या टोळीत मजुरीला नेलं, हे मला नंतर कोतवालाने सांगितलं. तिने येशूचं नावही कधी ऐकलं नसेल. माझ्या मते मी पाहिलेली ख्रिस्तासारखी माणसं मोजायची तर पहिली तीच.

कारण तिने विचारलं नाही. कोणाचं चुकलं, कर्ज कशाला काढलं, कापूस वेळेवर का विकला नाही, यातलं काहीही नाही. हे विचारण्याचा मोह साऱ्या गावाला होता. योहानाच्या शुभवर्तमानात एक जन्मांध भिकारी येतो. त्याला पाहून शिष्यांना पहिला प्रश्न सुचतो तो हाच, की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं. शिष्य वाईट नव्हते. दुःख दिसलं की त्याचा हिशेब लावावासा वाटतो, कारण हिशेब लागला की आपण त्या दुःखापासून सुरक्षित आहोत असं वाटतं. तो दारू प्यायचा, मी पीत नाही. त्याने सावकाराकडून घेतले, मी घेत नाही. येशू तो प्रश्नच बाजूला सारतो, खाली वाकतो, माती कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. मला ख्रिस्ताचं अनुकरण म्हणून जे कळलं ते एवढंच आहे: जवळ जाण्याआधी पात्रता न तपासणं. बाकी सगळं, क्षमा, सेवा, त्याग, याच्यामागून येतं.

महाराष्ट्रात ज्यांना ख्रिस्त समजला त्यांनाही तो याच बाजूने समजला. पंडिता रमाबाईंचं उदाहरण पाहा. संस्कृतात पारंगत, कलकत्त्याच्या पंडितांनी पदवी देऊन गौरवलेली, ऐन तारुण्यात विधवा झालेली ही बाई १८८३ साली इंग्लंडला गेली आणि वाँटेजच्या भगिनींकडे राहिली. त्या भगिनी लंडनच्या फुलम भागात, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी घर चालवत. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या थक्क झाल्या, कारण त्या वाढल्या त्या परंपरेत अशा बाईला शिक्षा होती, प्रायश्चित्त होतं, घर मात्र नव्हतं. हे कशासाठी करता, असं विचारल्यावर त्यांना योहानातली शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवण्यात आली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जमातीची बाई. येशू तिच्यावर उपकार करायला जात नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्यातलं पाणी पीत नसे, हे लक्षात घेतलं की त्या मागण्याचं वजन कळतं. आपल्याला तर ते लवकर कळायला हवं. पाण्याला हात लावू द्यावा म्हणून महाडला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तो याच महाराष्ट्रात.

रमाबाई परत आल्या, १८८९ साली शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या आवारात त्यांनी वेगळं कृपासदन बांधलं ते कोणालाच नको असलेल्या बायकांसाठी, आणि बार्तमी सदन आंधळ्या मुलींसाठी. रमाबाईंवर टीका करणारे तेव्हाही पुष्कळ होते, आजही आहेत. पण विद्येच्या बळावर हव्या त्या सभेत मानाने बसू शकणारी बाई दुष्काळात मुली गोळा करत फिरली, याला ख्रिस्तासारखं जगणं यापलीकडे दुसरं नाव मला सापडत नाही.

आता अवघड भागाकडे येतो. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झाली आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. त्या काळी अकोला, खामगाव, अमरावती या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनचं काम होतं. तिला भाकर मिळाली म्हणून मी आज आहे. पण लोक मला तोंडावर विचारतात, “भाकरीसाठीच ख्रिस्ती झाले न तुमचे लोक?” या प्रश्नाला रागावून उत्तर देण्यात अर्थ नाही. भाकर देताना कुणी मनात अट ठेवली असेल, तर ती भाकर ख्रिस्ताची राहिली नाही, असं मी स्पष्ट म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. आभार मानायला एकच परत येतो. येशूला वाईट वाटतं, तो तसं बोलूनही दाखवतो, पण उरलेल्या नऊ जणांचं बरेपण काढून घेत नाही. पायावर पडेल त्यालाच औषध, प्रार्थनेला येईल त्यालाच शाळा, हा हिशेब त्या कथेत कुठेही बसत नाही. नारायण वामन टिळकांना हे खुपत असे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने शेवटी, १९१७ साली, मिशनच्या पगारावर पाणी सोडलं आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही दार खुलं ठेवून. आणि आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही सोयरीक जुळवताना आधीची जात विचारली जाते. अंगावर पाणी घेतलं, तरी पात्र-अपात्रचा रकाना घरात तसाच. त्यापुढे प्रवचन किती सुंदर झालं याला मी फार किंमत देत नाही.

परतवाड्याजवळ कोठारा म्हणून गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कुष्ठरोग्यांसाठी मिशनचं काम आहे. अकोट, अंजनगाव, परतवाडा अशी एसटी बदलत मी एका सालदाराला तिथे घेऊन गेलो होतो. रोग औषधाने बरा झालेला, पण पायाची संवेदना गेलेली. वखराच्या मागे चालताना काटा रुतला तरी त्याला कळत नसे, आणि तळव्याला जखम घर करून होती. तिथल्या कामगाराने त्याला स्टुलावर बसवलं, समोर पाण्याचं घमेलं ठेवलं आणि दोन्ही पाय त्यात बुडवायला सांगितलं. बराच वेळ. मग त्याने स्वतः खाली बसून एकेक पाय आपल्या मांडीवर घेतला, टाचेची जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने हळूहळू घासली, बोटांच्या बेचक्यांत भेगा आहेत का ते बोट फिरवून पाहिलं, पुसलं आणि तेल लावलं. हे करताना तो सालदाराशी तुरीच्या भावाबद्दल बोलत होता. घरी गेल्यावर रोज हेच करायचं, आरशात तळवा पाहायचा, मऊ रबराच्या चपलेशिवाय एक पाऊल टाकायचं नाही, हे त्याने तीनदा सांगितलं. परतीच्या गाडीत सालदार म्हणाला, “माह्या बायकोनं बी दहा वर्सात पायाले हात नाई लावला साहेब.”

आम्ही ख्रिस्ती लोक पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण करतो. त्या बारा जोड्यांत यहूदाचेही पाय होते. रात्री तो काय करणार आहे हे येशूला ठाऊक होतं, आणि तरी त्याने त्याच्या पायांशी बसून ते धुतले. वाईट माणसाला ओळखता न येणं हा भोळेपणा झाला. ओळखूनही त्याचे पाय न वगळणं हे मात्र फार कठीण आहे, आणि येशू आपल्याकडून तेच मागतो. धुऱ्याचा दावा चालू असताना भाकर नेणारी बुढी मला इथे पुन्हा आठवते. तिने दावा मागे घेतला नव्हता. धुऱ्यावरचा तिचा हक्क तिला सोडायचा नव्हता. लेकरांची भूक मात्र तिने त्या दाव्यात धरली नाही.

कोठाऱ्यापासून जवळच वझ्झर आहे. शंकरबाबा पापळकर हे गाडगेबाबांना मानणारे गृहस्थ तिथे बेवारस, मूकबधिर, मतिमंद मुलांना सांभाळतात. १२३ मुलांच्या नावापुढे बाप म्हणून त्यांचंच नाव लागलेलं आहे. जळगावच्या रेल्वे स्टेशनवर टाकून दिलेली एक अंध मुलगी त्यांच्याकडे वाढली आणि २०२४ साली एमपीएससीची परीक्षा पास झाली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री मिळाली. पण वझ्झरमधली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. कायद्याप्रमाणे बालगृहातलं मूल १८ वर्षांचं झालं की त्याला तिथून बाहेर पडावं लागतं. ज्याला आपलं नाव सांगता येत नाही, ज्याला घास भरवावा लागतो, ते मूल वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कुठे जाणार? बाबा वर्षानुवर्षं सरकारदरबारी हेच विचारत आले आहेत: अशा मुलांसाठी आयुष्यभराच्या आसऱ्याचा कायदा करा. पात्रतेचं वय संपलं म्हणून बाप होणं संपत नाही. शेवटच्या न्यायाविषयी मत्तयाने लिहून ठेवलेल्या दाखल्यात भुकेल्याला जेवू घालणाऱ्या माणसांना आपण ख्रिस्ताची सेवा करतोय हे माहीतच नसतं. म्हणून हिंदू असलेल्या पापळकरांचं उदाहरण या लेखात घेताना मला यत्किंचितही संकोच वाटत नाही.

इथे माझे जुने सहकारी म्हणतील, “साहेब, सरकारी पैसा आहे. निकष नको का?” हवा. खोटे दावे येतात, मी पाहिलेत. तिजोरीला निकष लागतोच, आणि जो पटवारी डोळे मिटून सही करतो तो उद्या खऱ्या गरजवंताचा वाटा दुसऱ्याच्या घशात घालतो. पण दोन गोष्टी आहेत. शेजाऱ्याला निकष लागत नाही. समितीने ‘अपात्र’ शिक्का मारला की गावानेही त्या घराकडे तसंच पाहायला लागावं, हे कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेलं नाही. ते आपण आपल्या मनाने करतो. आणि दुसरं, निकषसुद्धा माणसांनीच लिहिलेले असतात, ते बदलता येतात. येशूने मंदिराच्या आवारातले सराफांचे चौरंग उलथले ते गरीब भाविकांची लूट धर्माच्या नावाने चालली होती म्हणून. ख्रिस्तासारखं वागणं म्हणजे नुसतं सोसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो प्रसंग पुन्हा वाचावा.

द्राक्षमळ्याचा मालक सकाळी, दुपारी आणि दिवस मावळायच्या तासभर आधी मजूर लावतो आणि सगळ्यांना सारखीच मजुरी देतो, हा येशूचा दाखला ऐकून आमच्याकडचे शेतकरी चिडतात. परवडेल का असं, म्हणतात. मीही तरुणपणी तसंच म्हणायचो. पण पहाटे चौकात उभ्या असलेल्या मजुरांना एकदा नीट पाहा. वेचणीला, फवारणीला तगडी माणसं आधी उचलली जातात. म्हातारा, लंगडा, पोटुशी बाई, नवखं पोर, हे दहा वाजेपर्यंत उभेच असतात. शेवटच्या तासाला कामावर गेलेला आळशी नव्हता. दिवसभर उन्हात उभं राहूनही त्याला कुणी नेलं नव्हतं. आणि त्याच्या घरच्या चुलीला लागतं तेवढंच लागतं.

म्हणून माझं सांगणं फार साधं आहे, आणि ते ख्रिस्ती वाचकांइतकंच सगळ्यांना आहे. तुमच्या गावात शेतकऱ्याने आत्महत्या केली तर पहिल्या दिवशी कारण विचारू नका, भाकर घेऊन जा आणि लेकरं जेवेपर्यंत बसा. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा जा, कारण तोवर पाहुणे पांगलेले असतात आणि सावकार यायला लागतो. वारसाची नोंद तीन महिन्यांच्या आत कळवायची असते. त्या बाईला चावडीवर एकटी पाठवू नका, सोबत जा, अर्जाची पोच मागून घ्या. बिनपरवाना सावकाराची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. ती लिहायला कुणी धजत नसेल तर साक्षीदार म्हणून आपलं नाव द्या. आणि आज, सगळं धडधाकट असतानाच, तलाठ्याकडे जाऊन आपल्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावून घ्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन तीस-पस्तीस वर्षं झाली. अजूनही कितीतरी सातबारे एकट्या पुरुषाच्या नावावर आहेत.